तुझ्या यादीतली सात ठिकाणं

गॉलवे, आयर्लंड, १८ मे

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

तू एक्सेलमध्ये करून पाठवलेल्या यादीचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे फोनवर ओरडायचा नाहीस. सातांपैकी तीनच ठिकाणं झाली. क्लिफ्स ऑफ मोहर राहिले. हो, २१४ मीटर उंच कडे, जगभरातून लोक बघायला येतात, सगळं ठाऊक आहे. राहिले ते राहिले.

पहिला उशीर किनवाऱ्याला झाला. खाडीच्या काठावरचं चिमुकलं गाव. मुक्ताला पाण्यात हंस दिसले आणि ती हलेना. समोर पाण्याच्या कडेला १५२० सालचा डनग्वायर किल्ला. किल्ला म्हणजे काय, चौकोनी बुरूज आणि भोवती तट. बाबा म्हणाले, "हा किल्ला, तर आपल्या जयगडाला काय म्हणायचं?" तुझ्या यादीत इथे दहा मिनिटं होती. आम्ही ओहोटी बघत पाऊण तास बसलो.

मग बरेनचा प्रदेश लागला. आयरिश भाषेत बरेन म्हणजे खडकाळ जागा. ताईने गाडी वळवली आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "अगं, हा तर आपला कातळाचा सडा!" आपला जांभा तांबडा-काळा, यांची चुनखडी राखाडी, एवढाच काय तो फरक. उघडा कातळ डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेलेला. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यातला लडलो नावाचा सेनानी १६५१ मध्ये इथे आला होता. त्याने म्हणे लिहून ठेवलंय, की इथे माणसाला बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. काय एकेकाची नजर! पण त्यानेच पुढे म्हटलंय की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत.

कातळावर चालताना खाली बघावं लागतं. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत जातं, त्यामुळे तडे रुंद होत होत पाय अडकेल एवढ्या फटी झाल्या आहेत. वर थेंब ठरत नाही, सगळं पाणी जमिनीच्या पोटात. आणि त्या फटींतून नेचे, कडेच्या चिमूटभर मातीत फुलं! निळी जेन्शियन तर अशी, की शाईचा थेंब सांडलाय असं वाटावं. आल्प्सच्या उंचीवरचं हे फूल इथे समुद्राजवळ फुलतं. मला भाद्रपदातला सडा आठवला, सीतेची आसवं फुललेला. मी गुडघे टेकून बघत बसले. उठताना अभयने हात दिला म्हणून बरं.

शेतांना सगळीकडे गडगे. आपल्यासारखेच, चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड. पण मधे एवढी भोकं ठेवलेली की पलीकडची गाय दिसते. बाबांना राहवेना. गडग्यापाशी एक म्हातारे शेतकरी उभे होते, त्यांना विचारलंच. ते म्हणाले, वाऱ्याला वाट दिली नाही तर गडगा पडेल. मग दोघांची जी गट्टी जमली! बाबांचं इंग्रजी तुला माहीत आहे आणि त्यांचे उच्चार निम्मे आम्हाला कळत नव्हते, पण गुरांचा विषय असला की भाषा लागत नाही. इथे गुरं हिवाळ्यात डोंगरावर नेतात, उन्हाळ्यात खाली आणतात. सगळ्या जगाच्या उलट! उन्हाळाभर तापलेला कातळ थंडीत ऊब धरून असतो, पाणी झिरपून गेल्याने जमीन कोरडी राहते. गुरं जुनं गवत खाऊन टाकतात, म्हणून मे महिन्यात फुलांना उजेड मिळतो. अर्धा तास. तुझ्या यादीत शेतकऱ्यासाठी रकानाच नव्हता.

पोलनाब्रोनची शिळासमाधी मात्र पाहिली. उभ्या दगडांवर बारा-तेरा फुटांची शिळा तोललेली, साडेपाच हजारांहून जास्त वर्षं. १९८६ मध्ये खणलं तेव्हा तीसहून अधिक माणसांची हाडं निघाली, त्यात लहान मुलंही. बहुतेक मोठी माणसं तिशीच्या आतच गेलेली. चाळिशी गाठलेला एखादाच. मानेची, खांद्यांची हाडं ओझी वाहून झिजलेली. मी मनात तुझं वय मोजलं. तिथल्या हिशोबाने तू वडीलधारा.

जेवण बॅलीव्हॉनला. आता हे तुझ्या आजीला सांगू नकोस. चावडर म्हणून मागवलं ते माशांचं सूप निघालं, आणि त्यात दूध आणि साय! मासे नि दूध एका वाडग्यात. मी दहा मिनिटं नुसती बघत होते. मग चाखलं. मग संपवलं. सोबत काळसर सोडा ब्रेड नि लोणी. काही झालं नाही मला, अंगावर पित्तसुद्धा उठलं नाही.

शेवटी फ्लॅगी शोर. समुद्रकाठी सपाट लाद्या आणि त्यांत प्रवाळांचे ठसे. अभय म्हणाला, चौतीस कोटी वर्षांपूर्वी हे सगळं विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्राच्या तळाशी होतं. मुक्ताने एकेका ठशावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, चाळीसनंतर चुकली, पुन्हा एकपासून. आम्ही थर्मासमधला चहा आणि घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. साडेनऊ वाजले तरी उजेड होता. बाबा बूट काढून बसले होते, उठायचं नावच घेईनात.

तब्येतीला जप. डबा लावलास का?

तुझी,
आई

ता. क. बॅलीव्हॉनला लिस्डूनवर्नाची पाटी दिसली. तिथे दर सप्टेंबरात लग्नं जुळवायचा उत्सव भरतो, दीडशे वर्षांहून जुना. ताईने पाटीचा फोटो काढून ठेवला आहे. मी काही म्हणत नाही.