वास्तुकलेच्या मुलांना शिल्पशाळेत पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या जेजेची (सर जमशेटजी जीजीभॉय) कलाशाळा, वास्तुकला महाविद्यालय आणि उपयोजित कला संस्था या तिन्ही आता एकाच अभिमत विद्यापीठात आल्या आहेत. २०२३ साली हा दर्जा मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. १९७८ साली वाईहून तिथे वास्तुकला शिकायला गेलो, त्या आवारानेच मला घडवलं. म्हणून एक विनंती करतो.

पहिल्या वर्षी एका खांबाच्या माथ्यावरची पानांची नक्षी काढायची होती. रोट्रिंग पेनने, चुकलं की ब्लेडने खरवडून, मी तीन रात्री जागून ती काढली. सरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "पलीकडे शिल्पकलेच्या वर्गात जा, हेच मातीत करून आण." तिथल्या एका विद्यार्थ्याने माझ्या हातात शाडूचा गोळा दिला. मी पान केलं ते भाकरीसारखं चपटं. त्याने त्यात बोटाचं पेर बुडेल एवढी खाच पाडली आणि ते खिडकीजवळ उंच धरलं. सावली पडली आणि पान दिसायला लागलं! नक्षी जितकी उंचावर, तितकी ती खोल कोरावी लागते, नाहीतर खालून पुसल्यासारखी दिसते. हे मला कागदावर कधीच कळलं नसतं. त्या संध्याकाळी बोरीबंदरला गाडी पकडण्याआधी मी कितीतरी वेळ वर बघत उभा होतो. त्या इमारतीवरची नक्षी घडवण्यात याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते.

वास्तुकलेचा विभाग १९१३ मध्ये कलाशाळेतच सुरू झाला आणि १९५८ मध्ये वेगळं महाविद्यालय झालं. इथे शिकवणाऱ्या क्लॉड बॅटले यांनी जुन्या भारतीय इमारती बारकाईने मोजून काढल्या. आचऱ्याचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे इथेच शिकले आणि पुढे त्यांनी आयआयटी कानपूरच्या इमारतींची रचना केली.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका महाविद्यालयातली एक मुलगी माझ्याकडे प्रशिक्षणासाठी आली. हुशार आणि कष्टाळू. तिने संगणकावर वाड्याचं सुंदर प्रारूप केलं होतं, पण 'खण' म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला मधल्या आळीतल्या एका वाड्यात नेलं. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, हात ठेवून ती म्हणाली, "सर, हा एवढा गार असतो?" दोष तिचा मुळीच नाही. तिला तिथवर कोणी नेलंच नव्हतं.

विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वास्तुकला विद्यार्थ्याला निदान एक सत्र शिल्पशाळेत माती आणि दगडावर काम करायला लावावं, आणि त्याला गुणही द्यावेत. गुण नसले की तो तास आधी बुडतो, हे आपण सगळेच जाणतो. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातली एक जुनी वास्तू टेप लावून मोजून आणावी. मी मोजली तेव्हा टेपचं दुसरं टोक वडिलांनी धरलं होतं.

त्या आणि नंतरच्या सुट्ट्यांत मिळून वाईतले सहा वाडे मोजून झाले. त्यांतले दोनच आज उभे आहेत. सगळ्यांची मूळ रेखाटनं माझ्या कपाटात आहेत. विद्यापीठाने मागितली तर स्वतः मुंबईला आणून देईन.

— एक वास्तुरचनाकार, वाई (जि. सातारा)