झटपट बाइंडिंगचा अर्धवट लागणारा लिव्हर : तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मागून पाय घालायच्या स्नोबोर्ड बाइंडिंगचा लिव्हर चालू उतारावर उघडणे, आणि त्यावर आपल्याकडून आलेले उत्तर

महोदय / महोदया,

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला आपल्या कंपनीची मागून पाय घालायची बाइंडिंगची, म्हणजे बूट स्नोबोर्डला जखडणाऱ्या पकडींची, जोडी घेतली. बिलाची प्रत जोडली आहे. घेण्याचे कारण साधे होते : गुडघे आता कुरकुरतात, आणि चेअरलिफ्टवरून उतरल्यावर दर फेरीला बर्फात बसकण मारून पट्टे आवळण्याचा कंटाळा आला होता. हायबॅक, म्हणजे पिंडरीमागचा टेकू, मागे पाडायचा, पाय सरकवायचा, हायबॅक उभा करून लिव्हर दाबायचा आणि निघायचे. पहिले पाच दिवस अगदी तसेच झाले. हवा कोरडी होती, बर्फ पिठासारखा भुरभुरीत. चारचौघांत आपल्या बाइंडिंगचे कौतुकही केले, हे कबूल करतो.

सहाव्या दिवशी तापमान शून्याच्या आसपास आले आणि बर्फ ओला झाला. मागचा पाय मोकळा ठेवून लिफ्टच्या रांगेत बोर्ड ढकलत नेताना बुटाच्या तळाला बर्फ चिकटतो, ते टळत नाही. तो बुटाबरोबर बाइंडिंगमध्ये गेला आणि टाचेखाली दबून त्याची कडक वडी झाली. असेल चार-पाच मिलिमीटर. पण तेवढ्याने टाच जागेवर बसत नाही आणि हायबॅक पुरता उभा होत नाही. आपला लिव्हर मध्यबिंदू ओलांडून पलीकडे गेला, तर हायबॅकला ताणून धरणाऱ्या केबलच्या ताणानेच दाबून राहतो. अलीकडे राहिला, तर तोच ताण त्याला उघडायला बघतो. त्या दिवशी तो अलीकडे राहिला. आवाज मात्र नेहमीसारखाच आला, खट्.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवर भार टाकला आणि मागच्या पायाचा हायबॅक कोलमडला. टाचेच्या कडेचे सगळे बळ पिंडरीमागच्या त्या टेकूतून बोर्डात उतरते. टेकू गेला की कड सुटते. बोर्ड सपाट झाला, मी पाठीवर आपटलो, आणि हात टेकवल्यामुळे मनगट मुरगळले. तीन आठवडे पट्टी होती. त्याबद्दल मी काही मागत नाही, पडणे या खेळात आहेच.

मागतो आहे ते आपल्या उत्तराबद्दल. आपल्या प्रतिनिधीने दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, ओल्या बर्फात केबल थोडी सैल सोडावी. तसे करून पाहिले. लिव्हर लागतो, पण टाच आत वरखाली होते आणि बोर्ड अर्धा क्षण उशिरा वळतो. म्हणजे हवामान पाहून रोज सकाळी पाना घेऊन बसायचे. मग जुने पट्टे काय वाईट होते? त्यांत बर्फ अडकला तर दोन दाते कमी आवळले जातात, आणि ते हाताला कळते.

दुसरे वाक्य वाचून मात्र मी पत्र बाजूला ठेवून चहा घेतला. 'पडताना बाइंडिंग सुटल्यामुळे आपली इजा कमी झाली असावी.' स्कीचे बाइंडिंग पडताना सुटावे अशी त्याची रचनाच असते, कारण तिथे दोन पाय दोन वेगळ्या फळ्यांवर असतात. स्नोबोर्डचे तसे नसते. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, आणि एकच सुटला तर दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला अख्ख्या बोर्डाचा पीळ बसू शकतो. शिवाय मी पडलो म्हणून ते सुटले नाही, ते सुटले म्हणून मी पडलो. हा क्रम तरी आपल्या विभागाने उलटा करू नये.

टाचेखाली बर्फ साचणे हे काही अकल्पित संकट नाही. १९९०च्या दशकात पट्ट्यांशिवायच्या, पाय दाबला की खटक्याने अडकणाऱ्या स्टेप-इन बाइंडिंगची लाट आली होती. त्यांतल्या काहींत जोडणीचा धातू बुटाच्या तळाशीच असे, तिथे बर्फ गच्च बसे आणि खटका लागत नसे. ती लाट ओसरण्यामागे हेही एक कारण होते. २०१७ साली बर्टन या स्नोबोर्ड कंपनीने 'स्टेप ऑन' हे बाइंडिंग आणले, तेव्हा जोडणी तळाखाली न ठेवता पंजाच्या दोन बाजूंना आणि टाचेमागे ठेवली. आपली रचना निराळी आहे, हे मान्य. पण बर्फाला बाहेर पडायला तळपट्टीत वाट ठेवणे, किंवा लिव्हर पुरता बसला की नाही हे दिसेल अशी खूण करणे, एवढे तर जमण्यासारखे होते. आपल्या माहितीपुस्तिकेत 'कोणत्याही बर्फात' असे ठळक अक्षरांत छापले आहे आणि टाचेखालचा बर्फ खरवडून काढण्याची सूचना कुठेही नाही. मला पाठवलेल्या उत्तरात मात्र 'वापरकर्त्याने बर्फ साफ केला नाही' असा ठपका आहे.

जोडी या पत्रासोबत परत पाठवत आहे. एकूण अकरा दिवस वापरली आहे, आणि मागच्या लिव्हरचा प्लास्टिकचा आकडा एवढ्यातच झिजून गोल झाला आहे. तो कृपया भिंगाखाली पाहावा. मला पूर्ण रक्कम परत हवी आहे. बदली जोडी किंवा पुढच्या खरेदीवरची सवलत नको. पुस्तिकेतले 'कोणत्याही बर्फात' हे शब्द काढणार की नाही, तेही लेखी कळवावे. चौदा दिवस वाट पाहीन, त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक

ता. क. : मागच्या लिव्हरखाली लाल चिकटपट्टीचा तुकडा दिसेल, तो मी लावला आहे. लिव्हर पुरता बसला की लाल रंग झाकला जातो, अर्धवट राहिला की डोकावतो. पडल्यानंतरचे पाच दिवस मी त्याच्याच भरवशावर काढले. तपासणी करताना तो काढू नये, आपल्या अभियंत्यांना दाखवावा.