प्रश्नावलीत हा रकाना कुठे आहे?

मा. संपादक महोदय,

परीक्षा जवळ आल्या की ‘विद्यार्थ्यांवरील ताणतणाव’ या विषयाला आपल्याकडे ऊत येतो. व्याख्याने होतात, शाळाशाळांतून प्रश्नावल्या वाटल्या जातात. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांनी अशी एक मला दाखवली. झोप किती, मोबाईल किती वेळ, गणिताची धास्ती वाटते का, घरी भांडणे होतात का. प्रश्न वाईट नाहीत. पण या मुलांत नववीतला एक सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या जमातीतला, मुलगा आहे आणि त्याला जे छळते, ते वर्णावरून हिणवणे, त्याला त्या दोन पानांत कुठेच जागा नाही. सगळीकडे ‘नाही’वर खूण करून त्याने कागद परत दिला. शाळेच्या हिशेबी पोरगा ठणठणीत!

त्याचे आईवडील कर्नाटकातल्या हल्याळकडचे. वडील गोव्यात डिचोलीला गवंडीकाम करतात. घरात कोकणी बोलतात, तरी नवीन कोणी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: “तूं खंयचो रे, आफ्रिकेचो?” वर्गात त्याला वेस्ट इंडिजच्या क्रिकेटपटूवरून ‘गेल’ म्हणतात. क्रिकेटमध्ये त्याला काडीचा रस नाही, तो फुटबॉल खेळतो, पण ते विचारतो कोण? मागच्या बाकावरची मुले त्याच्या केसांत पेन्सिल खोचतात आणि ती पडते की राहते यावर पैजा लावतात. (वर्णद्वेषी राजवटीत दक्षिण आफ्रिकेतले अधिकारी माणसाला कुठल्या वर्णात घालायचे ते अशाच पेन्सिलीने ठरवत. आमच्या पोरांना हे कोणी शिकवलेले नाही, त्यांचे त्यांनाच सुचले.) म्हणून तो ऐन उकाड्यातही डोक्यावरची टोपी काढत नाही. स्नेहसंमेलनात राक्षस दरवर्षी तोच. ‘रंग फासायचा खर्च वाचतो,’ असे एक बाई सगळ्यांदेखत हसत म्हणाल्या. यंदा त्याने एका मुलाला ठोसा लगावला. लगेच डायरीत शेरा: ‘वर्तन सुधारावे.’

ठोसा तेवढा कागदावर येतो, त्याआधीचे काही येत नाही. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत २०१३-१४ साली कृष्णवर्णीय मुले सुमारे साडेपंधरा टक्के होती, पण शाळेतून निलंबित झालेल्यांत ती ३९ टक्के होती. मुलांच्या मनात काय चालले आहे हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते मोजण्याच्या रीती तिथले मानसशास्त्रज्ञ फार आधीपासून शोधत आले आहेत. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४०च्या दशकात लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून ‘यातली चांगली कुठली?’ असे विचारले. १९५४ साली शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्या कामाचा उल्लेख आहे. मला मात्र त्या प्रयोगात एक खोट दिसते. मूल स्वतःला काय समजते ते त्यात कळते, त्याला कोणी काय केले ते कळत नाही.

सिलिया फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली किशोरवयीन मुलांसाठी केलेली, वंशावरून होणाऱ्या भेदभावाची मोजपट्टी मला म्हणूनच जास्त पटते. ती थेट घडलेल्या गोष्टी विचारते. कष्टाच्या मानाने गुण कमी दिले का? तुला नाहक शिक्षा झाली का? दुकानात तुला कोणी त्रास दिला का? आणि असे घडले असेल तर ते किती लागले? घटना आणि तिची कळ, दोन्ही वेगवेगळी नोंदवायची. विशेष म्हणजे त्या पाहणीत दक्षिण आशियाई, म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेल्यांची मुलेही होती. सोबत्यांच्या टोमण्यांचा त्रास त्यांनीही सांगितला. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉशिंग्टन परिसरातल्या १०१ कृष्णवर्णीय मुलामुलींनी दोन आठवडे रोजच्या रोज नोंदी केल्या. सरासरी निघाली दिवसाला वर्णभेदाचे पाचांहून जास्त अनुभव! त्यातले बरेचसे मोबाईलच्या पडद्यावरचे होते. ज्यांच्या वाट्याला ते जास्त आले त्यांच्यात उदासीची लक्षणेही जास्त दिसली. वर्षातून एकदा ‘तुला कोणी चिडवते का?’ विचारून हे हाती लागत नाही. रोजचे चिडवणे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते, ती सांगतही नाहीत.

‘ते अमेरिकेचे झाले, गोव्यात कुठे वर्णभेद?’ असे कोणी म्हणेल म्हणून सांगते. मोझांबिककडून गुलाम भरून पोर्तुगीज जहाजे आपल्याच बंदरांत लागत होती. त्यातून पळालेल्यांचे वंशज उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्याच्या रानात वसले. गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही सिद्दी आहेत. तेव्हा हा पोरगा आपल्याकडे पाहुणा आलेला नाही.

अमेरिकेची मोजपट्टी उचलून इथे लावावी असे मी म्हणत नाही. आपले प्रश्न आपणच लिहायला हवेत: बाकावर शेजारी कोण बसते, नाटकात कुठली भूमिका मिळते, फोटोत कुठल्या रांगेत उभे करतात, मास्तर नावाने हाक मारतात की दुसऱ्या कशाने. लमाणी मुलांना आणि ‘घाटी’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्यांनाही हेच प्रश्न लागू पडतील.

एक अडचण मात्र आताच सांगून ठेवते. ‘नाव लिहू नका’ म्हटल्याने काही साधत नाही. अख्ख्या वर्गात सिद्दी एकच असेल तर त्याचा कागद शिपाईसुद्धा ओळखील. म्हणून ‘तुझ्यासमोर दुसऱ्या कोणाला असे झालेले तू पाहिलेस का?’ हे सगळ्या वर्गाला विचारावे, आणि शिक्षकांनाही. शिक्षण विकास महामंडळाचे समुपदेशक शाळांत येतात, हे काम त्यांनी करावे. वर्गशिक्षकाच्या हाती ते देऊ नये, कारण निम्मी उत्तरे त्याच्याविषयीच असू शकतात. आणि भरलेले कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात न जाता समुपदेशकांकडेच राहावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली
(कृपया नाव छापू नये. मुलगा ओळखू येईल.)