लॅरी मॅकमर्ट्री, तुमच्या आभारांची पोच

आदरणीय लॅरी मॅकमर्ट्री यांना,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात माझं जुन्या पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. तुम्ही टेक्सासचे कादंबरीकार, आणि माझ्यासारखेच जुन्या पुस्तकांचे विक्रेतेही. ५ मार्च २००६ च्या रात्री तुम्ही आणि डायना ओसाना ‘ब्रोकबॅक माउंटन’च्या पटकथेसाठी ऑस्कर घ्यायला मंचावर गेलात. वर डिनर जॅकेट, खाली जीन्स आणि बूट, असा तुमचा वेश. तिथून तुम्ही जगभरच्या पुस्तकविक्रेत्यांचे आभार मानलेत. सुरुवात केलीत ती जुन्या पेपरबॅकची अदलाबदल करणाऱ्या लहानात लहान दुकानापासून, आणि मग मोठमोठ्या ग्रंथविक्रेत्यांपर्यंत गेलात. पुस्तकांची संस्कृती टिकवायला या सगळ्यांचा हातभार लागतो आणि ती आपण गमावता कामा नये, असं म्हणालात. हा सिनेमा होण्याआधी पुस्तकात होता, याचीही आठवण करून दिलीत. त्या मंचावर आमच्या धंद्याचं नाव इतक्या आदरानं घेतलेलं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या आभारांची पोच द्यायची राहिली होती. ती देतो आहे, आणि माझ्याकडचे आभारही सोबत जोडतो आहे, कारण तुमचं माझ्यावर एक प्रत्यक्ष ऋण आहे.

आमच्या भागातली एक जुनी सर्क्युलेटिंग लायब्ररी बंद व्हायला निघाली होती. मालक थकले होते, मुलं परगावी होती, आणि रद्दीवाला किलोचा भाव सांगून गेला होता. आत कादंबऱ्या, रहस्यकथा, कितीतरी वर्षांचे दिवाळी अंक. लायब्ररीच्या पुस्तकांचं रूप तुम्हाला सांगायला हवं. प्रत्येकाला खाकी कव्हर, कण्याशी जाड दोऱ्याची टाचणी, त्यामुळे आतल्या बाजूची अक्षरं शिलाईत गेलेली. मागच्या पानावर तारखांचे जांभळे शिक्के, एकावर एक. संग्राहक अशा प्रतीला हात लावत नाही. धंद्याच्या हिशेबानं तो माल घेण्यात अर्थ नव्हता.

त्याच सुमारास मी तुमचं २००८ सालचं ‘बुक्स’ वाचत होतो. दीड-दोन पानांची छोटी छोटी प्रकरणं, आणि त्यात तुम्ही आयुष्यभर घेतलेल्या-विकलेल्या पुस्तकांच्या, ग्रंथविक्रेत्यांच्या, बंद पडणाऱ्या दुकानांच्या हकिगती. एखादं जुनं दुकान मिटायला लागलं की तुम्ही तिथला साठा उचलून आपल्याकडे आणायचात. त्यात मौल्यवान काय आणि सामान्य काय हे तुम्हाला पक्कं कळत होतं, तरीही आणायचात. ते वाचून मी ती लायब्ररी घेतली. टेम्पोत माल भरताना मालक बाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि कुठलं पुस्तक कोण पुन:पुन्हा न्यायचं ते सांगत होते. ती पुस्तकं आज वाचली जात आहेत. शिलाई उसवून, पानं मोकळी करून, नवा पुठ्ठा चढवून आम्ही ती विकतो. हे तुमच्यामुळे झालं.

‘बुक्स’मधला मला सगळ्यात जवळचा भाग पहिल्या खोक्याचा आहे. टेक्सासमधल्या आर्चर सिटीजवळचं तुमचं रँच. आजी-आजोबा १८८० च्या दशकात त्या भागात आलेले, वडील आणि काका गुरांच्या धंद्यात मुरलेले, आणि घरात पुस्तक म्हणून एकही नाही. १९४२ साली रॉबर्ट हिलबर्न नावाचा तुमचा चुलतभाऊ युद्धावर जाण्याआधी तुमच्याकडे वाकडी वाट करून आला आणि १९ पुस्तकांचं एक खोकं ठेवून गेला. तुम्ही तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे. पुढे तीसच्या वर कादंबऱ्या, चरित्रं, निबंध, पटकथा, लाखोंनी जमवलेली पुस्तकं, हे सगळं त्या खोक्यापासून सुरू झालं असं तुम्हीच सांगितलंत. माझ्या दुकानात येणारा बराचसा माल असाच येतो. कुणाची बदली होते, कुणाचा वाडा पाडून इमारत उठते, कुणाचे वडील जातात आणि कपाट रिकामं करायचं असतं. पुस्तकं सोडून जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव असतो. आता मी त्यांना तुमच्या चुलतभावाची गोष्ट सांगतो. खूप जणांना ती ऐकून बरं वाटतं.

तुम्हाला गुराखी व्हायचं नव्हतं. डेंटनला आणि राइस विद्यापीठात शिकलात, १९६० साली स्टॅनफर्डला लेखनाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९६१ साली, पंचविशीत, पहिली कादंबरी आली. तिच्यावरून १९६३ चा ‘हड’ निघाला, पॉल न्यूमनचा. त्याची पटकथा दुसऱ्यांनी लिहिली होती. तुमची स्वतःची पटकथा ‘द लास्ट पिक्चर शो’ची, १९७१ साली पीटर बोगदानोविच यांच्या जोडीनं लिहिलेली, आणि चित्रीकरण थेट आर्चर सिटीत, कृष्णधवल. ज्या गावाला तुम्ही १९६६ च्या कादंबरीत नाव बदलून उघडं केलं होतंत, त्याच गावाच्या रस्त्यावर कॅमेरे लागले. गावातल्या अनेकांना ते झोंबलं. मला त्या कादंबरीबद्दल एवढंच म्हणायचं आहे की तिच्यातल्या माणसांवर तुमची माया आहे आणि तरीही एकाचीही गय केलेली नाही. हे दोन्ही एकत्र जमणं फार अवघड असतं. टीकाकारांनी तुम्हाला कमी लेखलं तेव्हा तुम्ही ‘दुय्यम प्रादेशिक कादंबरीकार’ असं छापलेला शर्ट घालून हिंडायचात. प्रादेशिक भाषेत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला त्या शर्टानं बळ दिलं.

सिनेमाच्या पैशांचं तुम्ही काय केलंत, ते इथे लिहिलंच पाहिजे. पुस्तकं घेतलीत. १९७१ सालीच वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात मार्शा कार्टर यांच्याबरोबर ‘बुक्ड अप’ हे दुर्मीळ पुस्तकांचं दुकान काढलंत. हॉलिवूडमध्ये नाव असलेला माणूस दुपारी गोडाऊनमध्ये खोकी फोडतो आहे आणि पानावर पेन्सिलीनं किंमत टाकतो आहे, ही कल्पना आमच्या धंद्यातल्या कुणालाही सुखावणारी आहे. पुढे दुकान आर्चर सिटीला नेलंत. जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, आणि कोर्टाच्या चौकाभोवती चार इमारती भरून चार लाखांच्या आसपास पुस्तकं. माणूस फक्त एक नंबरच्या इमारतीत बसायचा. बाकीच्या इमारतींत गिऱ्हाईक आपापलं हिंडायचं, निवडायचं, आणि पैसे द्यायला एक नंबरात यायचं. गिऱ्हाइकावर इतका विश्वास ठेवता येतो, हे मी तुमच्याकडून शिकलो. दुकानाबाहेरच्या फळीवरची पुस्तकं आता मीही उघडीच ठेवतो.

‘लोनसम डव्ह’बद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ती आधी पटकथा होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा यांच्यासाठी तुम्ही आणि बोगदानोविच यांनी ती रचली होती. वेन यांनी नकार दिला आणि सगळं बारगळलं. पुढे ३५,००० डॉलर भरून ते लिखाण तुम्ही स्टुडिओकडून परत विकत घेतलंत. नाव सापडत नव्हतं, तर एका चर्चच्या बसवर लिहिलेलं नाव दिसलं आणि तेच कादंबरीला दिलंत. १९८५ साली आठशेवर पानांची कादंबरी आली, १९८६ साली तिला पुलित्झर मिळालं, १९८९ साली रॉबर्ट डुव्हाल आणि टॉमी ली जोन्स यांची मालिका आली. पडलेल्या पटकथेतून अशी कादंबरी उभी राहू शकते, हे मी दुकानात येणाऱ्या लिहित्या पोरांना आवर्जून सांगतो. मालिकांसाठी रोजचे संवाद लिहिणारी ही पोरं, त्यांच्या किती कथा वाहिन्यांच्या कचेऱ्यांत अडकून पडलेल्या असतात.

त्या कादंबरीतली पाटी मला विसरता येत नाही. गस मॅक्रे आपल्या गुरांच्या कंपनीसाठी एक लाकडी पाटी रंगवतो. तिच्यावर मालकांची नावं, मग डुकरं भाड्यानं मिळणार नाहीत अशी सूचना, आणि शेवटी लॅटिनची एक ओळ, जिचा अर्थ गसलाही येत नाही. अक्षरं आहेत म्हणजे वजन आहे, एवढंच त्याला माहीत. रिओ ग्रांदे नदीकाठापासून मोंटानापर्यंत गुरांचा कळप जातो, वाटेत माणसं मरतात, गस मरतो, आणि त्याला दिलेल्या शब्दाखातर त्याचा भागीदार वुड्रो कॉल त्याचा देह पुन्हा टेक्सासला आणतो. त्याच पाटीचं जे काही उरलेलं असतं ते कॉल थडग्यावर लावतो. लोकांनी या पुस्तकात काऊबॉयचा पोवाडा वाचला. तुम्ही मात्र त्या पोवाड्याला हादरा द्यायला लिहिलं होतंत, आणि पुस्तक बरं आहे, थोर कलाकृती नव्हे, असं म्हणून मोकळे झालात. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कॉलनं दिलेला शब्द पाळायला केलेला तो परतीचा प्रवास, त्याचा निष्फळपणा आणि त्याचा हट्ट, हे थोरच आहे.

डिसेंबर १९९१ मध्ये तुमच्या हृदयाची बायपास झाली. त्यानंतर माणूस वाचला पण तो तुम्ही राहिला नाहीत, असं तुम्ही लिहिलंत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमचं वाचन थांबलं. पुस्तकांच्या मधोमध राहणारा माणूस, आणि पुस्तक उघडवत नाही. ‘वॉल्टर बेंजामिन अॅट द डेअरी क्वीन’मध्ये तुम्ही हे कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलंत. टुसॉनला डायना ओसाना यांच्या घरी राहिलात, त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून टाइपरायटरवर ‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’ या कादंबरीची रोजची पानं पुरी केलीत आणि त्या ती कॉम्प्युटरवर उतरवत गेल्या. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मोठ्या आजारपणानंतर असंच झालं होतं. तीन-चार ओळींच्या पुढे डोळा सरकत नाही म्हणून ते माझ्याकडे सगळी पुस्तकं विकायला आले. मी त्यांना तुमचं सांगितलं, आणि वर्षभर विकायचं थांबा म्हटलं. त्यांनी ऐकलं. परवा नवा दिवाळी अंक मागायला आले होते. या गृहस्थांचेही आभार या पत्रात धरा.

ओसाना यांचं नाव इथे ठळक घेतलं पाहिजे. अॅनी प्रू यांची ‘ब्रोकबॅक माउंटन’ ही कथा १९९७ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये त्यांनीच आधी वाचली आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही दोघांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून हक्क घेतलेत, पटकथा लिहिलीत, आणि अँग ली यांचा सिनेमा २००५ साली आला. मधल्या वर्षांत किती जणांनी हात वर केले असतील! तेवढा काळ तुम्ही दोघं त्या कथेला धरून राहिलात. जानेवारी २००६ मध्ये गोल्डन ग्लोब घेताना तुम्ही तुमच्या हर्मीस ३००० टाइपरायटरचे आभार मानलेत आणि मार्चमध्ये आमचे. ज्यांच्याबरोबर रोज घाम गाळला त्यांची अशी आठवण ठेवणारी माणसं मला फार प्रिय आहेत.

ऑगस्ट २०१२ मध्ये तुम्ही तीन लाखांवर पुस्तकं लिलावात काढलीत. एक इमारत ठेवलीत, बाकीची रिकामी केलीत. इतकं ओझं वारसांच्या डोक्यावर ठेवायचं नाही, हे कारण होतं. देशभरातून विक्रेते आले आणि ट्रक भरून घेऊन गेले. ज्यानं चाळीस वर्षं जमवलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांदेखत ते वाटून टाकावं, यातला शहाणपणा मला पटायला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडे उलटं चित्र मी नेहमी पाहतो. माणूस जाईपर्यंत कपाटाला कुलूप, आणि मग कुलूप उघडतं तेव्हा आत वाळवी. आता कुणी ज्येष्ठ वाचक दुकानात आले की मी विचारतो, कुठली पुस्तकं कुणाला द्यायची ते ठरवलंय का? काही जण रागावतात. काही जण चहा घेत यादी करायला बसतात. दोन शाळांना आणि तालुक्याच्या एका वाचनालयाला अशा याद्यांतून पुस्तकं गेली आहेत.

२०२१ च्या मार्चमध्ये, ८४ व्या वर्षी, तुम्ही गेलात तेव्हा इथे दुकानं कधी उघडी, कधी बंद अशी चालली होती. आम्ही दोघा-तिघा पुस्तकवाल्यांनी फोनवर एकमेकांना बातमी सांगितली. रोज सकाळी उठून आधी पाच आणि पुढच्या काळात दहा पानं लिहायची, सणवार न पाहता, आणि मग दुकानाकडे वळायचं, हा तुमचा दिनक्रम त्या दिवसांत मला फार उपयोगी पडला. शटर अर्धं खाली असताना मी साठ्याची सूची करायला घेतली. रोज ठरलेली फळी. ती सूची आता पुरी झाली आहे आणि तिच्यावरूनच माझं निम्मं काम चालतं.

‘लोनसम डव्ह’ची माझ्याकडे आलेली प्रत एका संवादलेखक मुलीनं नेली. तिनं ती आठवड्यात वाचून संपवली आणि हॉलिवूडवरचं तुमचं ‘फिल्म फ्लॅम’ मागते आहे. ते आमच्याकडे सहसा येत नाही, पण मुंबईच्या फाउंटनवरच्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलं आहे. मिळालं की तिला देईन, रास्त भावात.

मनापासून धन्यवाद.

आपला,
जुन्या पुस्तकांचा एक विक्रेता, पुणे