फुकटचे ऑफिस बसवून कोण देणार?

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

महोदय,

डिचोलीच्या बाजारात माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे. देवस्थानची पावती पुस्तके, शाळेच्या प्रश्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकाची हँडबिले, पंचायतीत द्यायचे अर्ज, सगळ्यांच्या फाइली माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे या भागात कोणाच्या कॉम्प्युटरवर काय बसवलेले आहे, हे मला सरकारपेक्षा थोडे जास्तच ठाऊक आहे. आणि खरे सांगायचे तर घरोघरी बसवलेले आहे ते पेनड्राइव्हवरून आलेले, क्रॅक केलेले म्हणजे परवाना न घेता चालवलेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस.

लोकांना चोरीची हौस नाही. लिबरऑफिस हे त्याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर फुकट आहे, कायदेशीर आहे, अर्जापासून हिशेबापर्यंत सगळे त्यात होते, असे मी सांगतो तेव्हा गिऱ्हाइकाला पटते. तो घरी जाऊन डाउनलोड करायला बसतो आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे येतो. क्रॅकवाला पोरगा मात्र घरी येऊन चहा संपायच्या आत काम उरकून जातो. म्हणजे ही लढाई किमतीची नाहीच. चोरीचे बसवून द्यायला माणूस आहे, हक्काचे बसवून द्यायला कोणी नाही.

पहिला घोळ नावाचाच. पुष्कळ मास्तरांच्या डोक्यात अजून ‘ओपनऑफिस’ आहे. २०१० साली ते चालवणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ओरॅकल कंपनीकडे गेली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यावर काम करणारे बरेचसे जाणकार बाहेर पडले आणि त्यांनी त्याच्याच पायावर लिबरऑफिस उभे केले. ओपनऑफिस पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेले. ते अजून डाउनलोड होते, पण त्याची ४.१ ही आवृत्ती २०१४ची, त्यानंतर झाली ती किरकोळ डागडुजी. हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? त्यातून नाव शोधताना भलत्याच संकेतस्थळाचे हिरवे बटण दाबले, तर ऑफिसच्या जागी जाहिरातींचा कचरा घरात येतो.

बरोबर जागी पोचलात तरी निवड करा: विंडोज ६४ बिट, विंडोज ३२ बिट, मॅक इंटेल, मॅक ॲपल सिलिकॉन, लिनक्स डेब, लिनक्स आरपीएम. आपल्या मशीनच्या पोटात काय आहे, हे सामान्य माणसाने का लक्षात ठेवावे? आमच्याकडे अजून विंडोज ७ची मशीन कामाला आहेत. लिबरऑफिसची २५.८ आवृत्ती विंडोज ७ आणि ८वर चालत नाही, त्यांच्यासाठी जुनी आवृत्ती हुडकून काढावी लागते. कधी विंडोजला लागणारी कुठलीशी डीएलएल फाइल नाही म्हणून गाडी अडते. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५मध्ये काढून घेतला आणि विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही, म्हणून आता लोक विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या फुकट प्रणालीबद्दल विचारू लागले आहेत. संधी चालून आली आहे, पण ती घ्यायला कोणी तयारीत नाही.

मॅक बाळगणारे आमच्याकडे थोडे. बहुतेक करून परदेशातल्या मुलाने दिलेले मशीन. तिथे ॲपलच्या स्टोअरमध्ये हेच लिबरऑफिस पैसे मोजून मिळते आणि संकेतस्थळावर फुकट, याचा उलगडा करून सांगावा लागतो. मराठी मेन्यूसाठी भाषेचा पॅक वेगळा. आधी लिबरऑफिस एकदा उघडायचे, मगच तो पॅक बसवायचा.

लिनक्सवर तर लिबरऑफिस बहुधा आधीपासूनच असते, फक्त इंग्रजीत. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर मराठी मेन्यूचे पॅकेज निराळे घ्यावे लागते. कोणीतरी उत्साहाने संकेतस्थळावरून नवी आवृत्ती उतरवतो, डेब फाइलींचा म्हणजे बसवायच्या फाइलींचा गठ्ठा उलगडतो, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहितो. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात जाऊन बसते आणि मेन्यूत दोन-दोन लिबरऑफिस दिसू लागतात.

हे सगळे पार पडले की आमचे खरे दुखणे सुरू होते, ते देवनागरीचे. लिबरऑफिस इंग्रजीसारख्या लिप्यांचा फाँट वेगळा ठरवते आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा. पहिला बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. विंडोजवर मंगल फाँटात केलेला अर्ज लिनक्सवर उघडला, तर मंगल तिथे नसतो. त्याच्या जागी दुसरा फाँट येतो, ओळी वाढतात आणि एका पानाचा अर्ज सहीच्या ओळीसकट दुसऱ्या पानावर जातो. नाटकाच्या संहितेत असे झाले तर नटमंडळी वैतागतात, इतकेच. कचेरीतल्या कारकुनाला मात्र तो अर्ज ‘नमुन्याप्रमाणे नाही’ असे म्हणता येते. यावर उपाय आहेत. फाइलमध्येच फाँट बसवण्याची सोय लिबरऑफिसमध्ये आहे. नोटो, मुक्ता यांसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी फाँट कोणत्याही प्रणालीवर घालता येतात. पण हे घरी बसून कोणाला सुचत नाही, आणि सुचावे अशी अपेक्षाही करू नये. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या फाँटांतल्या जुन्या फाइलींचा विषय तर मी इथे काढतच नाही. तो काढला तर हे पत्र संपायचे नाही.

१९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. दोन्ही भाषांची लिपी एक, म्हणून दोन्हींची ही अडचणही एकच. एकदा सोडवली की दोघांची सुटेल. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत, म्हणजे लिबरऑफिससारख्या कोड खुला असलेल्या, प्रणाली वापरण्याचे धोरण आणले. त्यानुसार निविदेत मुक्त स्रोत पर्यायाचा विचार व्हायला हवा, आणि तो टाळायचा असेल तर कारण द्यायला हवे. राज्यांनाही ते धोरण स्वीकारता येते. ओडीएफ हा लिबरऑफिसचा फाइल नमुना २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तरीही एका खात्यात ओडीटी, म्हणजे याच नमुन्यातली मजकुराची, फाइल नेलेल्या गिऱ्हाइकाला ‘वर्डमध्ये करून आणा’ असे सांगून परत पाठवले गेले. क्रॅक ऑफिसचे गिऱ्हाईक असे सरकारच्या दारात तयार होते.

केरळने शाळांपुरता हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली आख्खी प्रणालीच तयार करून देते, ऑफिस आणि मल्याळम टंकलेखनासकट. शिक्षकाला बिट मोजत बसावे लागत नाही.

गोव्याचा पसारा तर केरळच्या मानाने केवढासा! बारा तालुके. माझे मागणे मोठ्या प्रकल्पाचे नाही, उद्घाटनाची फीत लागेल असे तर नाहीच. शाळा, पंचायती आणि कचेऱ्यांसाठी कॉम्प्युटर खरेदी करताना पुरवठादाराकडूनच ते तयार करून घ्या. लिबरऑफिस बसवलेले, मेन्यू मराठी किंवा कोकणीत करता येणारे, ठरलेले दोन-तीन खुले देवनागरी फाँट घातलेले, देवनागरी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू केलेला. विंडोजवर ही मशीन एकगठ्ठा तयार करता येतात, लिबरऑफिस बसवायची एमएसआय फाइल एकही प्रश्न न विचारता स्वतःहून बसते. हे निविदेत लिहिलेले नसते म्हणून पुरवठादार करत नाही, आणि मग शाळेतला मास्तर माझ्या दुकानात येतो.

घरच्या मशीनसाठी सरकारच्या संकेतस्थळावर एक पान पुरे. त्यावर तपासलेल्या फाइली ठेवा, जुन्या विंडोजसाठीची आवृत्तीसुद्धा, आणि चित्रांसह साध्या भाषेत कृती लिहा. विंडोजची एक फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास असते. ती सत्तरी तालुक्यातल्या गावात मोबाइलच्या डेटावर उतरवायला लावू नका. तालुक्याच्या वाचनालयात ती पेनड्राइव्हवर मिळू द्या, आणि आठवड्यातून एक दुपार तिथे बसवून देणारा माणूस बसवा. कॉलेजची मुले हे काम आनंदाने करतील, त्यांना थोडे मानधन द्या म्हणजे झाले.

आणि प्रत्येक खात्याला एक परिपत्रक काढा की ओडीटी फाइल परत करायची नाही. याला तर खर्चही नाही.

यातून माझा धंदा थोडा कमी होईल, लॅपटॉप काखेत मारून येणारे बंद होतील. हरकत नाही. प्रश्नपत्रिका आणि हँडबिले आहेतच.

आपला,
डिचोलीतील एक डीटीपीवाला