हिवाळ्यात मोटरहोम नेणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,
मी आणि माझे पती ऐन हिवाळ्यात मोटरहोमने डोंगररस्ते फिरून आलो. बर्फावर उतरणारे सकाळचे ऊन अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण लिहायचे आहे ते रात्रीबद्दल. पारा शून्याखाली गेला की सिलिंडरमधल्या ब्युटेनचा वायू होईनासा होतो आणि हीटर विझतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांच्या आसपासपर्यंत साथ देतो. आम्हाला हे पहाटे ३ वाजता कळले, नळ गोठल्यावर. अशा वेळी शेगडी पेटवून ऊब घ्यावीशी वाटते. कृपया तसे करू नका! शेगडीमुळे बंद गाडीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा इशारा देणारे यंत्र बिछान्याजवळ हवेच. आमच्याकडे होते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

एक वाचक