केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र : परदेशी कंपन्या आल्या, सिमेंटचे विकणारे वाढले का?

माननीय मंत्री महोदया,
सादर नमस्कार.

मी सोलापुरात लहान घरांची बांधकामे घेणारा कंत्राटदार आहे. परदेशी कंपनी आली की स्पर्धा वाढते आणि भाव उतरतात, असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. सिमेंटचा अनुभव तसा नाही.

मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेल्या उद्योगात बाहेरून येणाऱ्याला नवा कारखाना सहसा परवडत नाही. चुनखडीच्या खाणी आधीच दिलेल्या असतात, विक्रेत्यांचे जाळे जुन्या कंपन्यांनी बांधलेले असते आणि नवा माल बाजारात उतरला की भाव पडून त्याचाच नफा घटतो. म्हणून तो चालू कंपनी विकत घेतो. लाफार्जने १९९९ मध्ये टाटा स्टीलचा सिमेंट व्यवसाय घेतला, इटालसिमेंटीने २००१ मध्ये झुआरी सिमेंटमध्ये निम्मा हिस्सा घेतला, हायडेलबर्गने २००६ मध्ये म्हैसूर सिमेंट घेतली. मालक बदलले, विकणाऱ्यांत भर पडली नाही. २००५ मध्ये होल्सिम आली, तेव्हा तर पुढच्या वर्षापर्यंत एसीसी आणि अंबुजा दोन्ही तिच्या छत्राखाली गेल्या, आणि २०२२ मध्ये ती बाहेर पडली तेव्हा दोन्ही मिळून अदानी समूहाकडे गेल्या.

सिमेंट जड असते आणि लांबवर नेणे परवडत नाही, म्हणून देशात किती कंपन्या आहेत यापेक्षा सोलापूरला माल पोचवू शकणाऱ्या किती, हा प्रश्न महत्त्वाचा. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात वाडीला एसीसी, मळखेडला अल्ट्राटेक, सेडमला केसोराम आणि चित्तापूरला ओरिएंट, असे चार वेगळे मालक होते. २०२५ मध्ये केसोरामचे सिमेंट अल्ट्राटेककडे आणि ओरिएंट अंबुजाकडे गेल्याने चाराचे दोन झाले. त्या पट्ट्यात इतरही कारखाने आहेत, पण निवड आकसली हे नाकारता येणार नाही.

सेंट्रिंग बांधून तयार असते, मिक्सर आणि माणसे ठरलेली असतात, आणि स्लॅबच्या सकाळीच दुकानदाराचा फोन येतो की आजपासून पोत्यामागे दर वाढला. दुसऱ्या ब्रँडकडे चौकशी करावी, तर तिथेही तेवढीच वाढ. यात संगनमत असते असा माझा दावा नाही. विकणारे मोजकेच असले की एकमेकांचा भाव पाहूनच सगळे चालतात. पण घरमालक विडी कामगार असेल, तर ही वाढ त्याच्या कर्जातच जाते.

दंडाचा मार्ग फार लांबचा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला; तो आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये नव्याने दंड झाला, २०१८ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. याउलट लाफार्ज-होल्सिम विलीनीकरणाला आयोगाने २०१५ मध्ये काही कारखाने विकण्याची अट घातली, आणि पुढच्याच वर्षी लाफार्जचा इथला व्यवसाय निरमाकडे, म्हणजे तिसऱ्याच हाती गेला. जे करायचे ते खरेदीच्या वेळीच करता येते.

म्हणून विनंती अशी की, स्पर्धा कायद्याच्या कलम १९(६) मध्ये बाजारपेठेचे क्षेत्र ठरवताना वाहतूक खर्चाचा विचार सांगितलेलाच आहे, तेव्हा खरेदीदार देशी असो वा परदेशी, सिमेंटच्या प्रत्येक अधिग्रहणात जिल्हा-पट्ट्यानुसार वाटा मोजून तो आदेशात जाहीर करण्याची पद्धत आपण आयोगाशी बोलून घालून द्यावी, आणि त्या पट्ट्यातील बांधकाम व्यावसायिकांचे व दुकानदारांचे म्हणणे मंजुरीपूर्वी ऐकून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक बांधकाम कंत्राटदार, सोलापूर